जहाज बंगल्याची मधली खिडकी

१

दीपिका नैतामचं पत्र मुखरू लोनबले यांना आलं तेव्हा थंडी होती. त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, घडी घालून टेबलावरच्या शब्दकोशाखाली ठेवलं आणि उद्या उत्तर लिहू असं ठरवलं. पुढे पळस फुलला, पळस झडला, चंद्रपुरात ऊन मी म्हणू लागलं, तरी तो उद्या काही उजाडला नाही.

पत्रात राग असता तर एक वेळ सोपं गेलं असतं. तसं काहीच नव्हतं. धानोऱ्याच्या दवाखान्यात नर्स असलेल्या त्या मुलीनं सरळ लिहिलं होतं: ‘माझे वडील वारलू नैताम जहाज बंगल्यात चौकीदार होते. होडी चोरल्याच्या आरोपावरून ते जेलात आहेत. त्यांच्या जामिनाच्या वेळी कोर्टात तुमचं पुस्तक दाखवलं. त्यात लिहिलं आहे की वरच्या हॉलच्या खिडक्या शोभेच्या आहेत, त्या उघडत नाहीत. हे खरं आहे का, एवढंच कळवा.’

एवढंच. हो किंवा नाही. आणि इथेच सगळं अडलं होतं. कारण मुखरूभाऊंनी उभा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात काढला होता, आणि कुठल्याही प्रश्नाला एका शब्दात उत्तर देण्याची त्यांना सवय नव्हती. भाजीवाल्यानं ‘वांगी देऊ का’ विचारलं तरी ते घटकाभर विचारात पडत.

आता हा जहाज बंगला म्हणजे काय, ते सांगायला हवं. चंद्रपूरच्या परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटाच्या आत, एका अरुंद गल्लीत, दोन मजली दगडी इमारत आहे. समुद्र इथून शेकडो कोस लांब. पण कोळशाच्या खाणींचे आणि जंगलखात्याचे गोरे साहेब तेव्हा जंगलातल्या तलावावर शिडाच्या होड्या चालवत, आणि त्यांनी आपल्या क्लबसाठी शहरात ही वास्तू बांधली. वरच्या हॉलचं छत म्हणजे पालथी घातलेली होडीच. आलापल्लीच्या सागाच्या बाकदार फासळ्या मधल्या कण्याला येऊन मिळतात. गल्लीच्या बाजूला तीन प्रचंड खिडक्या, जहाजाच्या मागच्या भागासारख्या फुगून बाहेर आलेल्या. त्यांच्याखाली दगडात कोरलेल्या लाटा आणि प्रत्येकीच्या माथ्यावर एक दगडी मासा, तोंडात लोखंडी कडी धरलेला. साहेब गेले, तलावावरची शिडं गेली, क्लब मात्र राहिला. हॉलच्या मधोमध ‘सारस’ नावाची सागवानी होडीही राहिली.

ती होडी नाहीशी झाल्याचं कोजागिरीच्या रात्री उघड झालं होतं. सभासद मसाला दूध घ्यायला वर गेले, कुलूप उघडलं, तर होडी ठेवायची लाकडी घोडी रिकामी.

हॉलचा जिना असा अरुंद आणि वळणाचा की समोरून कोणी आलं तर एकानं खाली उतरावं लागतं. त्यातून अख्खी होडी निघणं शक्य नाही. खिडक्या उघडत नाहीत, हे तर छापील पुस्तकातच आहे. मग तपासवाल्यांनी हिशोब मांडला: चौकीदारानं होडी कापली, तुकडे जिन्यानं खाली नेले आणि साग विकला. वारलूच्या घरी सागाची एक फळीही सापडली. धानोऱ्याकडच्या कुठल्या घरात सागाची फळी सापडणार नाही, हे कोणी विचारलं नाही.

ते पुस्तक मुखरूभाऊंचं होतं. एकुलतं एक.

खात्री झाल्याशिवाय उत्तर कसं लिहावं, या सबबीवर त्यांनी थंडी घालवली होती. वैशाखात त्यांनी छत्री उचलली आणि खात्री करायला निघाले.

२

क्लबचे सचिव विनोद भोयर यांनी त्यांना दारातच हाताला धरून आत घेतलं. खुर्ची दिली, पंखा लावला, माठातलं पाणी मागवलं. मुखरूभाऊंना अशा अगत्याची भीतीच वाटे. त्यानंतर माणसाला काही विचारता येत नाही.

“सर, तुमच्या पुस्तकानं आमची इज्जत वाचवली,” विनोदभाऊ म्हणाले. “नाई तं लोक म्हणाले असते, सभासदायनंच होडी खाल्ली.”

मुखरूभाऊ कसनुसं हसले. पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची आहे, हॉल पुन्हा पाहायचा आहे, असं ते पुटपुटले. आयुष्यात ते फारसं खोटं बोलले नव्हते. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. विनोदभाऊंनी खिशातून किल्ली काढली. हॉलची एवढी एकच किल्ली, आणि ती सचिवाच्या खिशात, हे सांगायला ते विसरले नाहीत. वारलूकडे फक्त फाटकाची आणि खालच्या दाराची असे. दसऱ्याआधीच्या नवमीच्या पूजेला म्हणून हॉलची त्याच्या हाती दिली होती, तीही त्यानं त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर परत केली होती.

“तेवढ्या वेळात त्यानं दुसरी बनवून घेतली असन,” विनोदभाऊ म्हणाले. “जंगलातली लोकं सीधी दिसतेत, सर. पण असो.”

वर हॉलमध्ये रिकामी घोडी तशीच उभी होती. मुखरूभाऊंनी वर पाहिलं. सागाच्या फासळ्या पाहताना नेहमीसारखं आपण पाण्याखाली उभे आहोत आणि कोणीतरी होडी घेऊन डोक्यावरून चाललंय, असं त्यांना वाटलं. फरशी स्वच्छ होती. विनोदभाऊ सांगत होते की कोजागिरीलाही ती अशीच स्वच्छ होती. मुखरूभाऊंच्या मनात आलं, एवढी होडी करवतीनं कापली आणि फासळ्यांच्या बेचक्यांत, खिडक्यांच्या कोपऱ्यांत भुशाचा कण नाही? पण हे मोठ्यानं म्हणायचा धीर झाला नाही.

ते खिडक्यांकडे गेले. प्रत्येक खिडकीची अख्खी चौकट दगडात बसवलेली, आणि चारी कोपऱ्यांना जाड सागवानी पाचरी ठोकलेल्या. या पाचरी त्यांनी पुस्तकात नोंदवल्या होत्या. ‘जहाजाच्या खुंट्यांची नक्कल’ असं त्यांना वाटलं होतं. डावीकडच्या खिडकीच्या पाचरींवर कुंकवाचे ठिपके होते. तेल पिऊन काळ्या झालेल्या लाकडावर चारी ठिपके लालभडक. उजवीकडच्या खिडकीच्याही चारही पाचरींवर ठिपके.

मधल्या खिडकीच्या पाचरींवर मात्र एकही नव्हता.

त्यांनी चष्मा पुसला. पुसता पुसता तो हातातून निसटला आणि फरशीवर पडला. “हळू, सर,” विनोदभाऊ म्हणाले. मुखरूभाऊ ओणवे होऊन चष्मा उचलायला वाकले, डोळ्यांवर चढवला, आणि तसंच वाकलेलं असताना त्यांची नजर वर गेली.

कुंकू होतं. मधल्या खिडकीच्याही पाचरींवर होतं. पण खालच्या अंगाला.

३

तुरुंगात मुलाकातीच्या रांगेत त्यांच्या पुढे पांढरी ओढणी घेतलेली एक मुलगी उभी होती. खिडकीपाशी तिनं वारलू नैतामचं नाव सांगितलं तेव्हा मुखरूभाऊंना परत फिरावंसं वाटलं. पण मागे माणसं उभी होती, आणि माणसांना बाजूला सारून जाणं त्यांना पुढे जाण्यापेक्षाही अवघड होतं.

“तुम्ही बाबाले भेटाले आलात?” तिनं विचारलं.

त्यांनी नाव सांगितलं.

“माहं पत्र भेटलं होतं का, सर?”

“भेटलं होतं.”

“मंग बरं,” ती म्हणाली. “मले वाटलं पत्ता चुकला.”

जाळीपलीकडे वारलू नैताम आला. साठीचा, सुकलेला, पण ताठ माणूस. बंगल्याबद्दल बोलायला कोणी आलंय म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. वर पाखरं शिरतेत, फासळ्यायवर घरटी करतेत, कोणी पाहून राह्यलं का, हे त्यानं आधी विचारलं. मुखरूभाऊंनी कुंकवाचं विचारलं.

“नवमीले हत्यारायची पूजा असते नं जी,” वारलू म्हणाला. “आमचे देव येगळे, गावी आहेत. पण बंगल्यातली पूजा माह्याकडेच. सायेब लोक होडीले आन् चांदीच्या कपाले टिका लावते. बाकी मी लावतो. कुलपाले, जिन्याच्या कठड्याले, खिडक्यायच्या पाचरीले.”

“पाचरींना का?”

वारलूला हा प्रश्नच समजला नाही. मग मोठ्या माणसाला समजावून सांगावं तसं म्हणाला, “त्याच तं खिडकी धरून ठेवतेत, भाऊ. जो धरून ठेवते त्याले टिका नको का?”

“मधल्या खिडकीला लावला होता?”

“सबाले लावलो. समोरून लावलो. खालून काऊन लावीन?”

नवमीला ठिपके समोर होते. आज मधल्या खिडकीचे खाली आहेत. म्हणजे त्यानंतर कोणीतरी त्या पाचरी काढल्या, आणि परत ठोकताना समोरचं अंग खाली जाईल अशा उलट्या ठोकल्या. ज्यानं हे केलं त्याला ठिपक्यांची काही कल्पना नव्हती, कारण चौकीदार सोडून कोणी त्या पाचरींकडे पाहतच नव्हतं. पाहिलं असतं, तरी रात्रीच्या अंधारात घाईत काय दिसणार?

आणि पाचरी कशासाठी काढायच्या? चौकट काढण्यासाठी.

नवमीनंतर तू कुठे होतास, असं त्यांनी विचारलं. वारलू म्हणाला, गावी; पण गाववाल्यायची साक्ष पोलीस धरत नाई. हलका धान, लवकर पिकते तो, कापाले आला होता. दरवर्षी सुट्टी मागून मागून थकतो, सायेब देत नाई. यंदा न मागता दिली. म्हणाले, जा, कोजागिरीपर्यंत येऊ नको.

“सुट्टी कोणी दिली?”

“विनोदभाऊनं.”

बाहेर रणरणत्या उन्हात दीपिकानं त्यांना गाठलं. खिडकी उघडते का, हे तिनं विचारलं नाही; त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं असावं. जामीन पुन्हा नाकारला गेला होता. वकील म्हणत होता की त्या पुस्तकावर तोड हवी.

“तुम्ही लिहून द्या, सर,” ती म्हणाली. “बोललेलं कोर्टात उभं राहत नाई.”

मुखरूभाऊंनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

४

लिहून द्यायचं म्हणजे आणखी खात्री हवी. ते एसटीनं मूल गावी गेले.

क्लबचे जुने सभासद सुनिल ठेंगणे यांची तिथे राइस मिल आहे. मिल चालू होती, हवेत कोंडा उडत होता, आणि दोघंही ओरडून बोलत होते. ठेंगणे मोकळ्या तोंडाचे. ‘सारस’ आपल्याला हवी होती, हे त्यांनी न विचारताच सांगून टाकलं. पोरीच्या लग्नाच्या लॉनवर ठेवली असती, फुलायनं सजवली असती.

“विनोदभाऊच म्हणे, घे,” ते म्हणाले. “मी म्हटलो, भाऊ, जिन्यातून कशी काढता? तोडून देता का? तं हसला. म्हणे, जशी आत गेली तशी बाहेर येईन, ते आमच्यावर सोड.”

“मग तुम्ही घेतली नाही?”

“बायको म्हणे क्लबची वस्तू घरात नको. मंग त्यानं हैदराबादच्या कोण्या हॉटेलवाल्याचं नाव काढलं. पुढचं मले मालूम नाई.”

हे कोर्टात सांगाल का, असं मुखरूभाऊंनी विचारलं. मिलचा आवाज मोठा होता म्हणून पुन्हा विचारलं. ठेंगण्यांनी त्यांच्यासाठी चहा मागवला, चंद्रपूरला परत जायला गाडी देऊ केली, तांदळाची पिशवी देऊ केली. उत्तर तेवढं दिलं नाही.

गाडी त्यांनी नाकारली. पिशवी मात्र कशी नाकारावी ते सुचलं नाही, म्हणून ती मांडीवर घेऊन ते एसटीत बसले. जशी आत गेली तशी बाहेर येईल. होडी आत कशी गेली, याबद्दल त्यांनी पुस्तकात काय लिहिलं होतं? छत घालण्याआधी ठेवली. का लिहिलं होतं? कारण तसं नसेल तर खिडक्या उघडत असणार, आणि खिडक्या उघडून पाहायला तेव्हा सचिवांना विनंती करावी लागली असती. ती करायला ते लाजले होते.

आणि साहेब लोक पावसाळ्यात होड्या ठेवत कुठे? आता ते इतकं उघड होतं की त्यांना डोळे मिटून घ्यावेसे वाटले. दगडी माशाच्या तोंडातली कडी शोभेची नव्हतीच. तिच्यात कप्पी अडकवायची, दोर टाकायचा, चौकट बाजूला करायची आणि होडी गल्लीतून उचलून हॉलमध्ये घ्यायची. अख्खी इमारत होडी आत घेण्यासाठी बांधलेली होती, आणि तिच्यावर पुस्तक लिहिणाऱ्याला ते दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गल्लीत उभे राहिले. तिन्ही माशांच्या कड्यांवर गंज होता. मधल्या माशाच्या कडीची आतली कड मात्र घासून चकचकीत झाली होती.

५

बंगल्याच्या डागडुजीचं काम वास्तुकार मंजुषा पाटणकर यांच्याकडे होतं. दसऱ्याच्या सुमारास दर्शनी भिंतीला बांबूची परांची लागली होती, ती त्यांचीच. म्हणजे उंचीवर उभं राहायची सोयही तयार होती, आणि सणाच्या सुट्टीत मजूर घरी गेले होते. संशय घ्यायचा तर त्यांच्यावरही घेता येत होता.

मुखरूभाऊ त्यांच्या ऑफिसात खुर्चीच्या कडेवर बसले. भिंतीवर बंगल्याचे नकाशे होते. त्यात मधल्या खिडकीच्या चार पाचरी वेगवेगळ्या काढलेल्या, प्रत्येकीला आकडा, आणि वरचं अंग कोणतं, खालचं कोणतं याचा बाण.

“या पाचरी उलट्या बसल्या तर?” त्यांनी विचारलं.

“बसतात, पण घट्ट बसत नाहीत. वारा आला की चौकट करकरते,” मंजुषाबाई म्हणाल्या.

मुखरूभाऊ नकाशाकडे पाहत राहिले. ज्या बाईनं बाण काढलेत ती पाचर उलटी ठोकणार नाही. शिवाय हॉलची किल्ली त्यांच्याकडे नव्हती. पाचरी आतून ठोकतात, आणि कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ली ज्याच्याकडे होती, ज्यानं चौकीदाराला न मागता सुट्टी दिली, ज्यानं होडी विकायला काढली आणि ती बाहेर कशी येते हे ज्याला ठाऊक होतं, असा एकच माणूस उरत होता.

“तुम्हाला माहीत होतं, खिडकी उघडते,” ते म्हणाले. एवढं सरळ वाक्य त्यांच्या तोंडून कित्येक वर्षांत निघालं नसेल.

“मला कोणी विचारलं नाही, सर.”

“मी विचारतो आहे.”

त्यांनी नकाशा गुंडाळायला घेतला. “नकाशे क्लबच्या मालकीचे आहेत. फोटोही. क्लबनं परवानगी दिली तर मी सांगेन.” गुंडाळी नीट होत नव्हती, कागद पुन्हा पुन्हा उलगडत होता. “माझ्याकडे सहा माणसं कामाला आहेत. तुम्ही विनोदभाऊंशीच बोला ना. पण लवकर बोला. उद्यापासून खिडक्यांचं काम सुरू होतंय.”

६

लवकर म्हणजे किती लवकर, हे मुखरूभाऊंना त्याच दुपारी बंगल्यात पाऊल ठेवल्यावर कळलं. हॉलमध्ये ओल्या सिमेंटचा वास होता. मधल्या खिडकीची चौकट चारी बाजूंनी लिंपून टाकली होती. पाचरी कुठेच नव्हत्या. कोपऱ्यात घमेलं आणि थापी पडली होती.

“पावसाचं पाणी आत येत होतं, सर,” विनोदभाऊ म्हणाले. “सारी पॅक करून टाकली.”

मुखरूभाऊंनी सगळं सांगितलं. कुंकू, कडी, सुट्टी, किल्ली. मध्ये दोनदा अडखळले, एकदा वाक्य विसरले. ठेंगण्यांचं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही. विनोदभाऊंनी मध्येच तोडलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं.

“बराबर आहे,” ते शेवटी म्हणाले. “पन कोणाले सांगता? पाचरी आता चुलीत गेल्या. तिन्ही कड्या घासायले पोरगा लावला आहे. राह्यलं तुमचं बोलणं.” त्यांनी भिंतीवरच्या कपाटातून मुखरूभाऊंचंच पुस्तक काढलं आणि त्यांच्या हातात ठेवलं, अगदी आदरानं. “कोर्ट इचारन, लोनबले सर, तवा खोटं लिहिलं होतं, का आता खोटं बोलून राह्यले? तुमाले तं चार माणसायसमोर नाव सांगता येत नाई. काऊन त्रास करून घेता?”

मुखरूभाऊंनी पुस्तक काखेत धरलं.

“वारलूचं म्हणाल तं, तीन-चार वर्षांत सुटून जाईन,” विनोदभाऊ दाराशी पोचवायला येत म्हणाले. “मी त्याच्या पोरीले मदत करणार आहे. माणूस वाईट नाई मी.”

जिना उतरताना मुखरूभाऊंनी कठडा धरला. दोराच्या पिळासारखा कोरलेला तो सागाचा कठडा हाताला गार लागला.

७

घरी येऊन ते टेबलाशी बसले. आपण काय करू शकतो, याचा त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला, आणि उत्तर फारसं काही नाही असंच आलं. खिडकी लिंपलेली. पाचरी जळालेल्या. मंजुषाबाई बोलणार नाहीत, ठेंगणे बोलणार नाहीत. होडी हैदराबादच्या कुठल्या तरी हॉटेलात फुलांच्या माळा घालून उभी असेल. साक्षीच्या पिंजऱ्यात त्यांना उभं केलं तर ते चाचरतील, वकील त्यांच्याच पुस्तकातलं त्यांचंच वाक्य वाचून दाखवील आणि लोक हसतील. इतकं करूनही वारलू नैताम सुटेल असं नाही. येत्या पावसाळ्यात त्याच्या बांधीत, धानाच्या शेतात, रोवणी दुसरेच कोणी करतील.

त्यांनी कागद घेतला. सवयीनं पहिल्या ओळीत ‘बहुधा’ लिहिलं, ते खोडलं आणि नवा कागद घेतला.

‘चि. दीपिका, तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला फार उशीर झाला. मधली खिडकी उघडते. ती होडी आत-बाहेर करण्यासाठीच बांधलेली आहे. माझ्या पुस्तकात उलट लिहिलं आहे, ते चूक आहे. मी उघडून न पाहता लिहिलं होतं. नवमीनंतर ही खिडकी आतून उघडली गेली होती, याच्या खुणा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. त्या आता उरलेल्या नाहीत. त्या कशा होत्या, आणि त्यांवरून मी कोणत्या माणसापर्यंत पोचलो, ते पुढे लिहिलं आहे. मला बोलता येत नाही, पण कोर्टानं बोलावलं तर मी येईन आणि हेच सांगेन. तेव्हा चूक लिहिलं होतं, आता खरं सांगतो आहे, असं सांगेन. याचा किती उपयोग होईल ते मला माहीत नाही.’

पुढची पानं भरून झाल्यावर त्यांनी खाली पूर्ण नाव लिहिलं, सही केली, आणि विनोदभाऊंनी हातात ठेवलेलं पुस्तक उघडून ते चुकीचं वाक्य असलेलं पान फाडून सोबत जोडलं. त्यावर लाल शाईनं काट मारली आणि काटेवरही सही केली.

पोस्टात गर्दी होती. त्यांच्या मागून आलेले दोघं पुढे गेले. नंबर आला तेव्हा पाकीट त्यांनी हातातच धरून ठेवलं.

“रजिस्टर करायचं का, काका?” काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

“हो,” मुखरूभाऊ म्हणाले.

बाईंनी पाकीट त्यांच्या हातातून ओढून घेतलं, वजन केलं, पट्टी चिकटवली आणि मागच्या थैलीत टाकलं.